पूल खालून बघावा

खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुण्यातल्या पेपरांत आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ ठरलेली असते: ‘भिडे पूल पाण्याखाली’. लोक छत्र्या घेऊन पाणी बघायला जातात, व्हिडिओ काढतात, आणि गर्दीत एखादा तरी म्हणतोच की यांना साधा पूल धड बांधता येत नाही, दरवर्षी बुडतो म्हणजे काय! अशा वेळी मला त्या पुलाची बाजू घेऊन भांडावंसं वाटतं. तो बुडतो कारण तो बुडायलाच बांधलाय. उंच पूल म्हणजे उंच खांब, दोन्ही काठांना लांबलचक चढ, आणि त्या चढासाठी पेठेत जागा. ती कुठून आणणार? त्यापेक्षा रस्ता पाण्यालगत ठेवायचा, वर्षातले काही दिवस तो बंद राहील हे मान्य करायचं आणि पूर आला की पाणी खुशाल डोक्यावरून जाऊ द्यायचं. अशा पुलाला खरा धोका असतो अडकणाऱ्या कचऱ्याचा. जलपर्णी, फांद्या, गाद्या, काय वाट्टेल ते कठड्याला येऊन बसतं, त्याची भिंत होते आणि मग नदी त्या भिंतीला ढकलायला लागते. पाणी ओसरल्यावर भिडे पुलावर महापालिकेची माणसं जे उपसत असतात ते बघितलंत तर पटेल.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. मामा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, आयुष्याची निम्मी वर्षं त्यांनी मोऱ्या आणि पूल मोजण्यात घालवली. कॉलेजात असताना मी एकदा कुठल्याशा पुलाच्या ‘सौंदर्या’बद्दल काहीतरी बोलले, तर म्हणाले, “अगं, वरनं सगळे पूल सारखेच. डांबर आणि कठडा. खाली उतर, मग कळेल बांधणारा कशाला घाबरत होता ते.”

तेव्हापासून मी पूल खालून बघते. पुण्यात त्याची सोय उत्तम आहे. म्हात्रे पुलाकडून नदीपात्रातल्या रस्त्याला लागलं की स्कूटर हळू घेत, मान वर करून, दोन-अडीचशे वर्षांचं बांधकामशास्त्र बघता येतं. मागचे हॉर्न वाजवतात, त्यांना वाजवू द्यायचं. नऊ महिने मुठेत पाणी कमी आणि बाकीचं जास्त असतं हे खरं. पण पुलाची पोटं बघायला हाच काळ बरा.

सुरुवात लकडी पुलापासून करावी लागते, निदान मनातल्या मनात, कारण ज्याच्यामुळे ते नाव पडलं तो पूल आता नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, १७६१ सालचा, म्हणजे पानिपतच्याच वर्षातला. त्याच्याभोवती दंतकथा पुष्कळ आहेत, त्या पेठेतल्या जाणकारांकडून ऐकाव्यात, मी त्यात पडत नाही. मला त्यातलं लाकूड महत्त्वाचं वाटतं. लाकडाचा पूल बांधणाऱ्यापुढे एकच हिशेब असतो: ओंडका केवढा मिळतो? जेवढा ओंडका तेवढा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. मोठा गाळा हवा तर मोठं झाड हवं, नाहीतर मध्ये आणखी एक खांब. आणि लाकूड कुजतं ते एका विशिष्ट जागी. कायम पाण्याखाली राहिलेलं लाकूड शेकडो वर्षं टिकतं, कायम कोरडं राहिलेलंही टिकतं; पण जिथे पाणी चढतं आणि उतरतं, तिथे ओल, हवा आणि बुरशी एकत्र येतात आणि बरोबर तेवढाच पट्टा खलास होतो. आपल्या नद्यांचं पाणी तर वर्षभर वर-खाली करत असतं. एकोणिसाव्या शतकात लकडी पुलाचं लाकूड गेलं आणि दगड आला. संगमाजवळच्या वेलस्ली पुलाचीही तीच गत. आधी लाकडी, मग १८७५ साली दगडी.

दगडाची गोष्ट निराळी. आपला काळा दगड दाबाला कितीही घाला, कुरकुरत नाही. त्याच दगडाची लांब फरशी दोन टेकूंवर ठेवून मधे उभं राहा, खालच्या बाजूने ताण येतो आणि तो मोडतो. म्हणजे दगडाला वाकवायचं नाही, फक्त दाबायचं. ही अट पाळून नदी ओलांडायची तर कमान करावी लागते. तिच्यात प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो आणि वरचं वजन या दाबाच्या वाटेने खांबात उतरतं. रोमन लोकांनी हे हजारो ठिकाणी केलं, पण कमानीचा आकार नेमका कसा असावा याचं उत्तर १६७५ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने दिलं, आणि तेही अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात. लॅटिनमधलं ते कोडं त्याच्या मृत्यूनंतर सुटलं. दोन टोकांना धरलेली साखळी जशी लोंबते, तोच आकार उलटा केला की कमान उभी राहते. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो. ती उलटी केली की फक्त दाब. एवढं सरळ सांगायच्या गोष्टीला त्याने कुलूप का घातलं, तर दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून. अशी माणसं सगळ्या काळात असतात.

कमानीची खोड अशी की ती बाहेरच्या बाजूला ढकलत राहते. दुसरी खोड, शेवटचा मधला दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या पायावर उभीच राहत नाही. तोवर सगळं वजन खालच्या लाकडी सांगाड्याने, म्हणजे सेंटरिंगने, पेलायचं. आपल्याकडे याचा अर्थ फार कडक होतो. दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर पात्रात सांगाडा उभा करायचा आणि मृगाच्या आत कमान पुरी करायची. अर्धवट कमान आणि खाली लाकडाचं जंगल अशा अवस्थेत पूर आला तर वर्षाचा पैसा सरळ उजनीच्या वाटेला.

नव्या पुलाखाली, म्हणजे शिवाजी पुलाखाली, मी सगळ्यात जास्त वेळ काढते. १९२३ साली मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी त्याचं उद्घाटन केलं, म्हणून तो लॉइड ब्रिज. बांधणारे कंत्राटदार गणपतराव महादेव केंजळे. शंभरी उलटली तरी पुण्यात तो नवाच. त्याच्या खांबांची प्रवाहाकडची नाकं बघा. पाणी येतं ती बाजू निमुळती केलेली असते, म्हणजे प्रवाह फाटून दोन्हीकडे जातो आणि खांबावर थेट आदळत नाही. हाताने चाचपडलं की टाकीचे घाव लागतात. दर्शनी कडेला बारीक, आतल्या अंगाला राठ. म्हणजे कुठल्या दगडाला किती मजुरी द्यायची हेही कुणीतरी ठरवलेलं. सांधे इतके घट्ट की नखही जात नाही, पण अधेमधे जिथे भराव निघालाय तिथे बोट आत जातं. या सांध्यांबद्दल पुढे बोलायचं आहे.

आणि खांबांची जाडी बघा. हा पुलाच्या इतिहासातला मोठा वाद आहे आणि तो सुटलेला नाही. रोमन खांब अगडबंब, गाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके जाड असत. कारण साधं: एक कमान पडली तरी शेजारच्या कमानीचा ढकला एकट्या खांबाने सोसावा. पण इतके जाड खांब म्हणजे नदीत बांधलेला अर्धा बांधच. पाणी तुंबतं, उरलेल्या फटींतून जोरात पळतं आणि पाया उकरतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाँ-रोदॉल्फ पेरोने याच्या लक्षात आलं की सगळ्या कमानी सारख्या असल्या तर मधल्या खांबाला दोन्हीकडून सारखाच ढकला बसतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, खांबाला नुसतं वजन झेलायचं उरतं. मग जाडी कशाला? त्याने पॅरिसजवळ नॉय्यीच्या पुलाला गाळ्याच्या जेमतेम नवव्या-दहाव्या हिश्श्याइतके बारीक खांब दिले. मात्र या हिशेबात एक मेख आहे. कमानी एकेक करून मोकळ्या करता येत नाहीत. केल्या तर पहिलीचाच ढकला खांब पाडेल. म्हणून १७७२ मध्ये त्याने सगळ्यांचे सांगाडे एकदमच सोडवले, आणि तो सोहळा बघायला खुद्द राजा पंधरावा लुई हजर होता. दिखाऊपणाची हौस फ्रेंचांना आहेच, पण इथे तो दिखाऊपणा गणितातूनच आला होता. पेरोनेच्या पुलात सगळ्या कमानी एकमेकींच्या आधाराने उभ्या; एक गेली की रांगेने सगळ्या गेल्या. म्हणजे पुराची भीती कमी केली आणि दुसरी भीती घरात घेतली.

मामांचं मत विचारलं तर ते जाड खांबांच्या बाजूचे. “आपल्याकडे कुठली कमान केव्हा जाईल सांगता येत नाही,” म्हणायचे. सरकारी नोकरीतला माणूस, त्याला रोमन लोक जवळचे वाटणारच.

चीनमधल्या झाओझोऊच्या पुलाने हा वाद तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच बगल देऊन सोडवला होता. ली चुन नावाच्या माणसाने सन ६०५ च्या सुमारास नदीत खांबच घातला नाही. ३७ मीटरची एकच बसकी कमान, आणि तिच्या दोन्ही खांद्यांना लहान लहान कमानींची भोकं, म्हणजे वजनही कमी आणि पुराचं पाणीही त्यातून पार. तो पूल आजही उभा आहे. युरोपात अशी मोकळ्या खांद्याची रचना रुळायला पुढे हजारेक वर्षं लागली.

लोखंड आलं तेव्हा आधी कुणालाच कळेना की त्याचं करायचं काय. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला १७७९ साली जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल उभा राहिला. त्याचे फोटो जवळून बघितले तर हसू येतं आणि थोडा आदरही वाटतो. लोखंडाचे तुकडे जोडलेत सुतारी पद्धतीने! खाच, कूस, पाचर, सगळं लाकडातलं. बांधणाऱ्यांना लोखंडाचे जोड ठाऊकच नव्हते, सुताराचे ठाऊक होते. माझ्या अंदाजाने प्रत्येक नवं सामान पहिली काही वर्षं जुन्या सामानाचे कपडे घालूनच वावरतं. लागलं असेल त्यापेक्षा कितीतरी जास्त लोखंड त्यात आहे, आणि म्हणूनच तो अजून उभा असावा.

मग रेल्वे आली आणि घाई आली. आपल्याकडे १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातला रूळ जोडला गेला. त्या घाटातला एक उंच दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला, वय वर्षं चार. दगड तोच, सह्याद्रीचाच, बांधकाम कच्चं. इंग्रजांचं सगळं भक्कम आणि आपलं सगळं तकलादू असं म्हणणारे काका लोक प्रत्येक कट्ट्यावर असतात, त्यांना मी हा पूल भेट देते. ते ऐकत नाहीत.

घाईची सगळ्यात वाईट गोष्ट मात्र स्कॉटलंडमधली. टे नदीवरचा रेल्वे पूल, १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा जगातला सगळ्यात लांब. तो बांधणारे इंजिनिअर थॉमस बाऊच यांना त्याबद्दल ‘सर’ ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री मधले उंच गाळे गाडीसकट खाडीत गेले. गाडीतलं एकही माणूस वाचलं नाही. चौकशीत निघालं की वाऱ्याच्या दाबाचा वेगळा विचारच बाऊचने केलेला नव्हता. आणि खांबांच्या ओतकामात राहिलेली भोकं मेण, लोखंडाचा कीस, काजळी असलं काहीतरी कालवून बुजवलेली होती. वरून रंग मारला की भरीव लोखंड आणि ही लापशी यात फरक दिसत नाही. मला पुलांच्या सगळ्या इतिहासात ही लापशी विसरता येत नाही. वाऱ्याचं गणित चुकणं हा ज्ञानाचा प्रश्न होता. भोक बुजवणाऱ्याला मात्र आपण काय करतोय हे पूर्ण ठाऊक होतं.

त्याच बाऊचने जवळच्या फोर्थ खाडीवरही पूल योजला होता. तो अर्थातच बाजूला ठेवला गेला. त्या जागी १८९० मध्ये जो उभा राहिला तो इतका दणकट, इतका रांगडा की वाऱ्यालाही त्याच्याकडे बघून परत जावंसं वाटावं. त्याचं तत्त्व समजवायला त्याचा इंजिनिअर बेंजामिन बेकर याने एक फोटो काढून घेतला होता: दोन माणसं खुर्च्यांवर हात पसरून बसलेली, हातांत काठ्या, बाहेरच्या बाजूला विटांचं वजन, आणि मधे अधांतरी टांगलेल्या पाटावर काइची वातानाबे हा जपानी इंजिनिअर शांत बसलेला. अवघड गोष्ट सामान्यांना समजवायची कशी याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

आता परत नदीपात्रात. झेड ब्रिजखाली, किंवा शहरातल्या कुठल्याही काँक्रीटच्या पुलाखाली उभं राहिलं की गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी आडवी तुळई, आणि खांबाचं डोकं यांच्यामध्ये एक काळा चौकोनी तुकडा दिसतो. जेमतेम दोन-तीन इंच जाड. पारव्यांनी शेजारी घरटं केलेलं असतं, काड्या लोंबत असतात, त्यामुळे तो पटकन नजरेत येत नाही. ती बेअरिंग. रबराचे आणि पोलादी पत्र्याचे एकाआड एक थर. तीस मीटरचा काँक्रीट गर्डर पहाटेच्या थंडीत आणि दुपारच्या उन्हात मिळून तीस अंशांचा फरक सोसतो तेव्हा लांबीत सुमारे एक सेंटीमीटर कमी-जास्त होतो. त्याला हलायला जागा दिली नाही तर तो ती जागा स्वतः करून घेतो, म्हणजे खांब तरी फोडतो नाहीतर स्वतः फुटतो. पुलावरून जाताना ठराविक अंतराने गाडीच्या चाकांखाली जो ‘धडक-धडक’ आवाज येतो तोही याच हिशेबाचा, वर ठेवलेल्या फटीचा. दगडी पुलावर हा आवाज येत नाही.

काँक्रीटही दगडासारखंच दाबाला खंबीर आणि ताणाला नाजूक. म्हणून आत सळ्या. पण सळई आपलं काम करायला लागते तोवर काँक्रीटला बारीक तडे गेलेले असतात. फ्रान्सच्या युजीन फ्रेसिनेने याच्यावर उपाय काढला. गवंडी आठ-दहा विटांची रांग दोन्ही तळव्यांत दाबून आडवी उचलून नेतो, खाली काही टेकू नसतो, तरी एकही वीट पडत नाही, कारण दाब. फ्रेसिनेने हेच केलं. काँक्रीटमधून पोलादी तारा ओवायच्या, जॅकने ताणायच्या आणि टोकांना पक्क्या करायच्या. तारा आखडू बघतात आणि काँक्रीटला कायम दाबून धरतात. वजन आलं तरी ताण उरतच नाही. १९२८ साली त्याने याचं पेटंट घेतलं. डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोकडे बघा, पोकळ पेट्यांचे तुकडे एकाला एक चिकटवलेले दिसतात, त्यांच्या सांध्यांच्या रेषाही दिसतात. आत ताणलेल्या तारा आहेत म्हणून ते हवेत आहेत.

हे सुचायच्या आधी फ्रेसिने एकदा चांगलाच हादरला होता. तरुणपणी त्याने ल व्यूर्द्र गावी काँक्रीटच्या तीन बसक्या कमानींचा पूल बांधला. सगळं झकास झालं, आणि मग महिन्यामहिन्याने कमानींचे माथे खाली यायला लागले. वर वजन वाढलं नव्हतं, तडे नव्हते, तरी काँक्रीट हळूहळू आखडत होतं. काँक्रीट कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं दबत राहतं हे तेव्हाच्या शास्त्राला मान्यच नव्हतं. गडी सायकल काढून पुलावर गेला आणि चार माणसं हाताशी धरून, कमानीच्या माथ्याशी जॅक लावून, त्याने त्या कमानी परत वर उचलल्या. पूल वाचला. तारा पुरेशा जोरात ताणल्या पाहिजेत, नाहीतर काँक्रीट आखडल्यावर ताण निघून जाईल, हे त्याला या पुलाने शिकवलं. त्याच्या आधी याच कल्पनेवर ज्यांनी हात चालवले ते सगळे याच ठिकाणी अडले होते.

इथवर सगळं पाण्याच्या वरचं झालं. पूल पडतात ते बहुधा खालून, आणि त्या खालच्या गोष्टीत पुण्याचं नाव आहे. हे पुण्याला फारसं माहीत नाही याचं मला नवल वाटतं, कारण एरवी आपण नाव लावायला मागे राहत नाही. खडकवासल्याला धरणाच्या खालच्या अंगाला सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी एक छोटं पथक म्हणून ते सुरू झालं. तिथे क्लॉड इंग्लिस नावाच्या इंजिनिअरने नद्यांच्या लहान प्रतिकृती करून, त्यात वाळू घालून, पाणी सोडून, पुलाच्या खांबापाशी काय होतं ते बघितलं. पाणी खांबावर आदळतं, त्यातला काही भाग खांबाच्या तोंडाशी सरळ खाली बुडी मारतो, तळाशी गरगरतो आणि वाळू उपसून मागे फेकतो. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल. पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने भरून सपाट होतो. हिवाळ्यात पाहणीला आलेल्या साहेबाला पायाशी सगळं ठाकठीक दिसतं. पुरात पाया किती उघडा पडला होता याची खूण उरत नाही.

कालव्यांच्या अभ्यासातून गेराल्ड लेसीने नदी स्वतः किती खोल वाहू बघते याचं एक सूत्र बसवलं होतं. इंग्लिसने देशातल्या मोठ्या पुलांपाशी मोजलेली खोली त्याच्याशी ताडली आणि सांगितलं: खांबाच्या तोंडाशी खड्डा या खोलीच्या दुपटीपर्यंत जातो असं धरा. आपल्या रस्ते-पुलांच्या संहितेत तो दोनचा आकडा अजून आहे. वाळूच्या नदीत पूल बांधणारा आजचा इंजिनिअर खड्ड्याची खोली काढतो, तिच्याही खाली पाया नेतो. गंगा-यमुनेत त्यासाठी पाया म्हणून बांधलेल्या विहिरीच्या विहिरी तळात उतरवतात. मुठेच्या तळाला कातळ आहे, त्यामुळे आपण मोठ्या काळजीतून सुटलो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पाणी शहरात शिरलं तेव्हा नवा पूल बुडाला, पण जागचा हलला नाही. दगड भक्कम होता हे खरं, पण मला त्या श्रेयातला मोठा वाटा खालच्या कातळाला द्यावासा वाटतो.

महाडला तसं झालं नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. अंधारात, पावसात, समोर रस्ता आहे असं धरून आलेल्या दोन एसटी आणि इतर वाहनं खाली गेली. शेजारीच नवा पूल होता, दुसऱ्या दिशेची वाहतूक त्यावरून सुरळीत चालू होती. त्या जागी नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला याचं तेव्हा फार कौतुक झालं. व्हायलाच हवं. मामा पेपर घडी करून ठेवत एवढंच म्हणाले, “बांधायला दिवस मोजतात. तपासायला कोण मोजतं?”

माणसांच्या गर्दीचीही भीती असते, आणि ती पुण्याला कळायला हवी. पादचारी पूल हलका दिसतो म्हणून त्यावर ओझंही हलकं असं आपल्याला वाटतं. संहितेत पदपथासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो धरतात, शहराजवळ किंवा यात्रेच्या ठिकाणी ५००. खांद्याला खांदा लावून उभी माणसं म्हणजे खरोखर तेवढं वजन होतं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली मोडला आणि चार जणांचे जीव गेले. पावसाळी पाणी बघायला आलेले लोक. पूल पाणी ओलांडायला केलेला, आणि त्याची झाली गॅलरी. हा बदल कागदावर कुठेच नोंदला जात नाही.

मग मला दरवर्षी अनंत चतुर्दशीला लकडी पुलाची आठवण येते. ढोल-ताशाची पथकं, ठेका, हजारो पावलं. १८३१ मध्ये इंग्लंडात ब्रॉटनला झुलत्या पुलावरून तालात चालणारे सैनिक पुलासकट खाली आले, तेव्हापासून फौजेला पुलावर ताल मोडायचा हुकूम असतो. २००० साली लंडनचा मिलेनियम पूल नुसत्या फिरायला आलेल्या लोकांच्या चालण्याने बाजूला डुलायला लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. आपली पथकं ताल मोडतील हे स्वप्नातही शक्य नाही. पण दगडी कमानीला त्याचं काही वाटत नाही; तिचं स्वतःचं वजन इतकं प्रचंड असतं की वरची माणसं तिच्या खिजगणतीत नसतात. २०२१ मध्ये मेट्रोचा मार्ग लकडी पुलावरून नेताना वाद झाला तो गणपतीच्या रथांना उंची पुरणार का, याचा. पुलाच्या ताकदीची शंका कुणी काढली नाही. पुणेकरांचा दगडावर विश्वास आहे.

काँक्रीटवर मात्र नव्हता, तो चांदणी चौकाने दिला. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर, ६०० किलो स्फोटकं भरून, सगळ्या वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर तिथला जुना पूल उडवला. धूर विरला, आणि पूल पुरता पडलेलाच नव्हता! आतलं पोलाद अंदाजापेक्षा दाट निघालं. उरलेला भाग पोकलेननी रात्रभर खाऊन काढला. दुसऱ्या दिवशी विनोदांना ऊत आला, पण मला बांधणाऱ्या अनामिकाचं कौतुक वाटलं. नव्वदच्या दशकात कुणीतरी सळ्या मोजून, किंबहुना चार जास्तच, घातल्या होत्या. आणि आपण त्याची परीक्षा पाडतानाच घेतली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तर जेमतेम पंधरा वर्षं जगला. तो काही कमकुवत झाला नव्हता, नुसता मेट्रोच्या आड आला. पुढे इथे काय येणार आहे, ही भीती बाळगायला तेव्हा कुणी बसलंच नव्हतं.

संगमाजवळ सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, बोट क्लबवरून मुलं अजून होड्या घालतात. १८५४ मध्ये हे कॉलेज सुरू झालं तेव्हा उद्देश होता सरकारला कालवे, इमारती, पूल बांधणारी हाताखालची माणसं तयार करून द्यायची. माझे मामा त्या कॉलेजात गेले नव्हते, पण त्या ‘हाताखालच्या’ माणसांच्याच परंपरेतले. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर येतं. पावसाळ्याआधी आणि नंतर टॉर्च घेऊन खाली उतरून बेअरिंग, भेगा, पाणी निघायची भोकं बघणाऱ्याचं येत नाही. ही त्यांची तक्रार नव्हती, पण मी ती त्यांच्या वतीने करते. त्या काळ्या रबराचंही आयुष्य संपतं. मग वाहतूक थांबवून अख्खा गाळा जॅकने काही मिलिमीटर उचलायचा, जुनी बेअरिंग काढायची, नवी सरकवायची, गाळा पुन्हा टेकवायचा. खाली उभं राहून हे बघायची माझी फार इच्छा आहे. असं काम कुठे चाललंय असं कळलं तर मला जरूर कळवा.

मामांचे गुडघे आता घाट उतरू देत नाहीत. मीच फोटो काढून पाठवते. परवा नव्या पुलाखालून त्या भराव निघालेल्या सांध्याचा फोटो पाठवला. त्यात पिंपळाचं बोटभर रोप आलेलं, चार-पाच कोवळी पानं, उन्हात छान चमकत होती. मला वाटलं फोटो सुंदर आलाय. मामांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “वरनं तोडू नकोस, परत फुटतं. मुळासकट काढायला सांग. आणि सांधा चुन्याने भरायला लाव, सिमेंटने नको.” पाठोपाठ आणखी एक: “कुणाला सांगणार आहेस ते आधी शोध.”